ऑपरेशनआधीचा हिशेब



या सदरात आजवर मी तुम्हाला चुलीच्या, गोठ्याच्या, लेकराबाळांच्या गोष्टी सांगत आले. स्वतःच्या हाताविषयी कधी लिहिलं नाही. कुंडलच्या बाजारात ज्यांनी मला पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की माझा उजवा हात जन्मापासून अधू आहे. बाकीच्यांना ठाऊक असायचं कारण नाही. मी पदरच तसा घेते. येत्या पंधरवड्यात या हाताचं ऑपरेशन ठरलंय. पंचेचाळिशी उलटल्यावर!

"आता कशाला?" हे मला गेल्या चार महिन्यांत इतक्या जणांनी विचारलं, की मीही ते स्वतःला विचारू लागले. आमचं कुंडल म्हणजे प्रतिसरकारचं गाव. १९४३ साली इथल्या माणसांनी इंग्रज सरकारला भीक घातली नाही, हे आम्ही पाहुण्यांना छाती पुढं काढून सांगतो. पण ऑपरेशनच्या टेबलाची भीती वेगळी. ती कुंडलच्या माणसालाही वाटते. मलाही वाटते. म्हणूनच या चार महिन्यांत मी काय विचारलं, काय मोजलं आणि काय तयारी केली ते लिहिते. तुमच्यात कुणाचा हात, पाय असा जन्मापासूनचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी हा हात असा का झाला ते सांगते. मानेच्या मणक्यांतून पाच नसा निघतात आणि काखेतून हाताला जातात. बाळंतपणात कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागं अडकतो. त्या अडचणीत मान एका बाजूला ताणली गेली, की वरच्या दोन नसांना हिसका बसतो. बाळ मोठं असलं की हा धोका जास्त. माझा जन्म आजोळी, घरीच झाला. सुईण म्हणाली होती, पोरगी दोन महिन्यांची होऊनच बाहेर आलीय. त्या हिसक्यानं खांदा उचलणारे, कोपर वाकवणारे आणि हात बाहेर फिरवणारे स्नायू लुळे पडतात. बोटं मात्र चालतात. जर्मनीच्या एर्ब नावाच्या डॉक्टरांनी १८७४ साली या दुखण्याची नेमकी जागा सांगितली, म्हणून त्याला एर्बचा पक्षाघात म्हणतात.

हे सगळं मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. आमच्या घरी कारण वेगळंच होतं. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण लागलं. कर्नाटकात खग्रास होतं, आपल्याकडं खंडग्रास. दुपारची वेळ, सगळं गाव दारं लावून आत बसलेलं. आई तेव्हा चार महिन्यांची पोटुशी. म्हैस हंबरत होती म्हणून ती परड्यात गेली आणि विळ्यानं वैरण कापून घालून आली. आषाढात मी जन्मले, हात लोंबकळत होता. मग काय, सगळ्यांनी एकच कारण धरलं, "गिराणात इळा धरला." आईनंही तेच धरलं आणि मनाशी धरून ठेवलं.

या खेपेला डॉक्टरांकडं मी आईला मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरांनी कागदावर मान, खांदा, नसा काढून दाखवल्या. आईनं शेवटी विचारलं, "गिराणाचा काय संबंध न्हाई?"

"काही नाही, आजी."

ती काही बोलली नाही. पुण्याहून परतताना गाडी ताकारीला येईपर्यंत गप्प होती. किर्लोस्करवाडीला उतरायची तयारी करताना एवढंच म्हणाली, "मशीला तवा वैरण कोण घालणार हुतं गं?" ऑपरेशनचं पुढं काय व्हायचं ते होवो. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल झाले.

सुईणीलाही मी दोष देत नाही. अडकलेलं मूल तिनं जिवंत बाहेर काढलं, आई वाचली. त्या काळी आडगावात हेही सगळ्यांच्या नशिबी नव्हतं.

लहानपणी माझ्या हाताला काय काय केलं म्हणाल? तेल चोळलं, शेक दिला, दंडाला ताईत बांधला. याला अडाणीपणा म्हणून हसू नका. जर्मनीचा बादशहा कैसर दुसरा विल्यम २७ जानेवारी १८५९ ला जन्मला, तो पायाळू. त्याच्या डाव्या हाताला असाच हिसका बसला आणि तो हात उजव्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर तोकडा राहिला. राजवाड्यातल्या वैद्यांनी त्याचा हात ताज्या मारलेल्या सशाच्या उबेत गुंडाळून ठेवायचा उपाय केला होता! मोठा झाल्यावर फोटोत तो डावा हात तलवारीच्या मुठीवर नाहीतर हातमोज्यांआड ठेवून उभा राही. बादशहाला तलवार मिळाली, मला पदर. झाकायची धडपड सारखीच. चोळण्यानं सांधे मोकळे राहतात, तेवढा फायदा खरा. तुटलेली नस मात्र चोळून जुळत नाही.

मग आताच का? कारण माझा चांगला हात दुखायला लागला. पंचेचाळीस वर्षं डाव्यानं दोघांचं काम केलं. कळशी त्यानंच उचलली, वैरणीचा भारा त्यानंच ओढला. गेल्या पावसाळ्यात रात्री डावा खांदा ठणकून जाग यायला लागली. अशा माणसांत हे पुष्कळदा घडतं, असं डॉक्टर म्हणाले. एका बैलावर औत चाललं, की आधी तोच बैल बसतो.

डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं, तेव्हापासून आपल्या भागात ऑपरेशन म्हटलं की मिरज. मीही आधी मिरजेलाच गेले. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "खांद्याचं आणि नसांचं हेच काम रोज करणाऱ्याला दाखवा." पुण्याची चिठ्ठी दिली. पहिली गोष्ट मी हीच शिकले. असलं ऑपरेशन करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं, की तुम्ही मोठ्या वयाच्या माणसांची अशी किती केलीत. चांगला डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाही.

पुण्याला त्यांनी माझ्या एकेका स्नायूला शाळेसारखे मार्क दिले. शून्य ते पाच. शून्य म्हणजे हालचालच नाही. तीन म्हणजे हाताचं स्वतःचं वजन उचलण्यापुरतं बळ. पाच म्हणजे धडधाकट. मग तीन वाटा समजावल्या.

पहिली वाट नस जोडण्याची. ती माझ्यासाठी कधीच बंद झाली होती. नसेचं काम बाळ काही महिन्यांचं असताना करायचं असतं. नस तुटून वर्षं गेली, की स्नायू वाळून जातो. पीक वाळल्यावर पाटाला पाणी सोडून काय उपयोग?

दुसरी वाट स्नायू बदलण्याची. एखादा चांगला स्नायू मूळ जागेवरून सोडवून दुसऱ्या कामाला जुंपायचा. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच विद्या चालवली आणि अनेकांचे हात कामाला लावले. पण त्यात मेख अशी, की जागा बदलली की स्नायूचा साधारण एक मार्क कमी होतो. म्हणून तो निदान चार मार्कांचा हवा. शिवाय तो मूळ जागेवरून गेला की तिथलं काम थोडं उणं पडतं.

तिसरी वाट हाडाची. खांद्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. स्नायूंचं बळ लहानपणापासून कमीजास्त असल्यामुळं माझी वाटी नीट घडलीच नाही. फोटोत ती परातीसारखी चपटी दिसली. अशा सांध्यात स्नायू बदलून फार साधत नाही. म्हणून दंडाचं हाड मध्ये कापायचं, खालचा भाग बाहेरच्या अंगाला थोडा फिरवायचा आणि पट्टी-स्क्रूनं पक्का करायचा. हाताचं बळ त्यानं वाढत नाही. आहे तेवढं बळ जास्त कामाच्या जागी येतं.

"किती फिरवणार?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

आता गंमत बघा. माझा हात आतल्या अंगाला वळलेला आहे. घास तोंडाशी न्यायचा तर कोपर कानापर्यंत वर जातं, जणू तुतारी फुंकतेय. लग्नाच्या पंगतीत शेजारणीला धक्का लागतो म्हणून मी नेहमी कडेला बसते. केसांपर्यंत हा हात पोचतच नाही. पण आत वळलेला आहे म्हणूनच पोटाशी छान लागतो. निऱ्या खोचता येतात, चोळीची गाठ मारता येते. हाड बाहेर फिरवलं, की हात तोंडाशी आणि डोक्याशी जाईल, पण पोटापासून आणि पाठीपासून लांब सरकेल. फार फिरवलं तर वेणी घालता येईल आणि निऱ्या खोचता येणार नाहीत. कमी फिरवलं तर तुतारी तशीच राहील. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचं नाव १९१० पासून साऱ्या मुलखात गाजलं, पण तो किती खोल लावायचा हे ज्याचं त्याचं रान बघूनच ठरे. त्यातलंच हे.

डॉक्टरांनी आठ दिवसांचा हिशेब लिहून आणायला सांगितला. थोरल्या लेकीनं वहीत तीन रकाने आखले. येतं, येत नाही, आणि दुसऱ्या वाटेनं येतं. सकाळी उठल्यापासून ती माझ्यामागं वही घेऊन फिरली. मला वाटलं होतं 'येत नाही' हाच रकाना भरेल. त्यात निघाली सात कामं. 'दुसऱ्या वाटेनं येतं' यात मात्र दोन पानं भरली! वाकड्या कोपरात वैरणीची पेंढी अडकवणं, दाव्याची गाठ दातांनी ओढणं, उजवा हात डाव्यानं उचलून उतरंडीवर ठेवणं आणि मग बोटांनी डबा काढणं. हे सगळं मी कधी शिकले ते मलाच आठवत नाही.

ती वही वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. ज्या हाताला जन्मभर अधू म्हणत आले, त्यानं एवढं काही जमवलं होतं. त्यातलं काही या ऑपरेशननं मोडणार, हे नक्की. कोपराचा तो पेंढी अडकवायचा आकडा कदाचित जाईल. मग मी 'येत नाही' मधल्या सात कामांपुढं खुणा केल्या. ज्याच्यासाठी मोडायची तयारी आहे, ती कामं कोणती? दोनच उरली. चारचौघांत सरळ घास खाता यावा, आणि कपाळाला कुंकू उजव्या हातानं लावता यावं. आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत जाऊ नये ती म्हणजे निऱ्या. वेणी मी सोडून दिली. ती लेक घालते, पुढंही घालेल. नाहीतर मानेवरचे केस कापीन.

ही वही घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी ती सगळी वाचली आणि म्हणाले, "आता किती अंश फिरवायचं ते मला कळलं." बंधुभगिनींनो, मला सांगायचं आहे ते एवढंच. जन्मभराच्या दुखण्यावर मोठ्या वयात ऑपरेशन करायचं, तर 'हात बरा करा' असं सांगून टेबलावर झोपू नका. बरा म्हणजे काय करता आला पाहिजे, त्यासाठी काय सोडाल आणि काय सोडणार नाही, ते आधी ठरवा. हे डॉक्टरांना क्ष-किरणांच्या फोटोत दिसत नाही.

धोकेही विचारून घ्या. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक मोठी नस जाते. तिला धक्का लागला तर मनगट खाली पडतं. हे क्वचित होतं, आणि बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतं. क्वचित हाड जुळायला वेळ लागतो. जंतू शिरण्याची भीती असतेच. हे ऐकून मालकांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, ठाऊक असलेलं बरं.

आता शरीराची तयारी. माझं रक्त कमी भरलं. लोहाच्या गोळ्या काही आठवडे तरी घ्याव्या लागतात, म्हणून ही तपासणी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करून भागत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. साखर, रक्तदाब पाहून घेतला.

आणि मिश्री. हो, मी मिश्री लावायची. लपवत नाही. तंबाखूनं हाड जुळायला अडथळा येतो. मिश्री लावली काय, बिडी ओढली काय, ती रक्तात जातेच. डॉक्टर म्हणाले, निदान महिनाभर आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंद. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, सगळ्यांवर खेकसले. आता तिसरा महिना आहे. हाताचं काहीही होवो, दात तरी पांढरे झाले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की मानेतल्या नसांना जन्मापासून इजा आहे. त्याच भागातली एक नस श्वासाच्या पडद्याला जाते आणि कधी तीही अधू असते. म्हणून छातीचा फोटो पाहतात आणि भूल कशी द्यायची ते ठरवतात. झाडपाल्याचं औषध, गुडघ्याची गोळी, जे काही चालू असेल ते लपवू नका. उपाशीपोटी म्हणजे सांगितलेल्या वेळेपासून काही नाही; 'जरासा चहा' सुद्धा नाही.

घरची तयारी म्हणाल, तर तारीख पिकावर ठरवली. हात काही आठवडे झोळीत राहणार, आणि हाड पक्कं होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, जड उचलायचं नाही. म्हणून ऊस कारखान्याला गेल्यावरची तारीख घेतली. पुढून उघडणाऱ्या, खांद्यावर बंदाच्या दोन चोळ्या शिवल्या. धार काढायला धाकटा शिकला. म्हशीनं त्याला दोनदा लाथाडलं आणि मग पत्करलं. एका हातानं आंघोळ, एका हातानं चूल मी महिनाभर करून पाहिली. डॉक्टरांनी सांगितलेले बोटांचे आणि खांद्याचे व्यायाम आत्ताच सुरू केलेत, कारण खरं काम ऑपरेशननंतरचे सहा महिने व्यायामानंच व्हायचं आहे.

पैशाचं म्हणाल, तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे तारीख घेण्याआधी विचारायचं, बिल हातात आल्यावर नाही.

शेवटी अडलं ते बांगड्यांपाशी. ऑपरेशननंतर हात सुजतो, म्हणून त्या हातात काही ठेवायचं नाही. आणि डाव्यात सलाईन लागणार, म्हणून तोही मोकळा. हे सांगितल्यावर आत्याबाई दिवसभर बोलल्या नाहीत. मोकळे हात त्यांना बघवणार नव्हते. संध्याकाळी स्वतःच साबण घेऊन आल्या, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी अलगद उतरवली. एकही वाढवली नाही. पदराच्या टोकात गाठ मारून म्हणाल्या, "माझ्यापाशी ऱ्हाऊ द्यात. माघारी आलीस की मीच भरते. आन् त्याच हातानं मला कुकू लावायचं बग." त्या माझ्या सासूबाई. लग्नात या हाताबद्दल सर्वांत जास्त त्याच बोलल्या होत्या.

एक महत्त्वाचं सांगून थांबते. तुमच्या घरात नुकतं बाळंतपण झालं असेल आणि बाळ एक हात हलवत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून बसू नका. बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो, हे खरं. पण पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना दाखवा, आणि तीन महिन्यांत बाळ कोपर वाकवू लागलं नाही तर नसांचं काम करणाऱ्या सर्जनला गाठा. नस जोडायची वाट त्याच दिवसांत उघडी असते. मला ती मिळाली नाही; तुमच्या नातवाला मिळू द्या. आणि बाळाच्या आईला ग्रहणाचं कुणी बोलू नका.

मी लिहिते डाव्या हातानं, म्हणून सदराला खाडा पडणार नाही. पुढच्या खेपेला उन्हाळ्यात जनावरांना पाणी किती लागतं, ते सांगेन. हाताचं काय झालं ते, घास सरळ तोंडाशी गेला, की कळवते.